द्वारा

डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून "रोज चालत जा" असे बजावले, तेव्हा इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्याने जे करावे तेच मी प्रथम केले. चालण्यावरील निबंध काढून वाचले. हॅझलिट झाला, स्टीव्हन्सन झाला. भटकण्याचा आनंद पुष्कळ मिळाला, पण साखर जेथल्या तेथेच राहिली. मग नाइलाजाने मी खरोखरच चालू लागलो.

टेकडीवर जाण्यात एक अडचण होती. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे जी मंडळी भेटतात त्यांत प्राध्यापकांचा भरणा फार, आणि दोन प्राध्यापक एकत्र आले म्हणजे विद्यापीठाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. त्या विषयाने साखर उतरेल की नाही कोण जाणे, रक्तदाब मात्र खात्रीने चढतो. म्हणून मी उलटी दिशा धरली. बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता ओलांडून जुन्या पेठांत शिरावयाचे, गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या घंटाघराला वळसा घालावयाचा आणि ऊन चढण्याच्या आत घरी यावयाचे, असा माझा क्रम ठरून गेला.

या वाटेवर एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भांड्यांचे एक दुकान होते. ते बंद पडून कित्येक वर्षे झाली असावीत. पाटी पुसली होती, कुलूप गंजले होते, पण पुढची रुंद फळी मात्र रोज झाडलेली दिसे. त्या फळीवर एक वृद्ध गृहस्थ बसलेले असत. गृहस्थ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. गृह नसलेल्या मनुष्याला गृहस्थ म्हणणे व्याकरणदृष्ट्या चूक असेल, पण त्यांच्याकडे पाहून दुसरा शब्द सुचत नसे. अंथरुणाची वळकटी दोरीने बांधून एका कोपऱ्यात ठेवलेली, सदरा विटलेला पण धुतलेला, आणि मांडीवर रद्दी कागदांचा गठ्ठा. ते कागदी पिशव्या करीत. घडी घालावयाची, खळ लावावयाची, अंगठ्याने दाबावयाचे आणि बाजूला ठेवावयाचे. हात यंत्रासारखे चालत; नजर मात्र समोर कोठेतरी धुक्यात असल्यासारखी स्थिर.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खिशातून दहा रुपयांची नोट काढून त्यांच्यापुढे धरली. मनात औदार्य होतेच असे नाही. रोज तेथून नुसते पाहत जाण्याचा संकोच होता. त्यांनी नोट हाताने चाचपली आणि विचारले, "किती देऊ?"

"काय किती?"

"पिशव्या."

त्या दिवशी मी वीस पिशव्या काखोटीला मारून घरी आलो. "आता किराणा दुकान काढायचं का आपण?" असे आमच्या घरातून विचारण्यात आले. मी उत्तर दिले नाही, कारण एका पिशवीकडे माझे लक्ष खिळून राहिले होते. ती एका मासिकाच्या पानाची होती, आणि त्या पानावर माझ्याच एका निबंधाचा उत्तरार्ध होता. तळाच्या घडीत माझे अर्धे नाव दुमडले गेले होते. पुढे पुष्कळ दिवस त्या पिशवीत हिंगाची डबी राहिली. माझ्या कोणत्याही लेखनाला इतका स्थायी उपयोग पूर्वी लाभला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट त्यांना सांगितली. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "मग तो लेख मी दोनदा घडवला म्हणायचा. टाइप कुठला होता? पानाची रुंदी किती?" मी गोंधळून पाहत राहिलो, तेव्हा कळले, की हे गृहस्थ एका छापखान्यात तेवीस वर्षे खिळे जुळवीत होते.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. आपल्याकडे लेखकांची चरित्रे लिहिली जातात, संपादकांची लिहिली जातात, प्रकाशकही आत्मचरित्रे लिहितात. पण ज्यांनी त्या सर्वांचे एकेक अक्षर बोटांच्या चिमटीत धरून ओळीत बसविले त्यांच्याविषयी आपणांस ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांच्या चुका. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी तरुणपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले, एवढे इतिहासात नोंदलेले आहे, कारण ते पुढे मालक झाले. जे मालक झाले नाहीत त्यांची नोंद कोठे नाही. उभ्याने काम करावयाचे, डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसच्या असंख्य घरांतून फिरता, आणि डोळ्यांना उलटे अक्षर सुलट वाचण्याची सवय. लेखकाचे हस्ताक्षर जितके थोर तितके वाईट. त्यातून मुद्रित आले म्हणजे लेखक सगळा परिच्छेदच नव्याने लिहून पाठवावयाचा आणि पुस्तकाला उशीर झाला म्हणून रागवायचा. राहिलेल्या चुकांना आपण विद्वान लोक मुद्राराक्षसाचे विनोद म्हणतो. मी हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "राक्षस म्हणजे आम्हीच की, सर."

त्यांचे नाव मी येथे देत नाही. पेठेत सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. नगर जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. 1972 च्या दुष्काळात ते अठरा वर्षांचे होते. त्यावरून वाचकांनी वयाचा हिशेब करावा. त्या साली खडी फोडण्याच्या कामावर त्यांनी आईबरोबर हजेरी लावली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, आणि काम संपल्यावर पुण्याचा रस्ता धरला. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. नारायण वामन टिळक नगरला राहत होते त्या काळी बाबांच्या आजोबांनी त्यांचे कीर्तन ऐकले होते, अशी घरातली आठवण. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आमच्या पिढीने शाळेत पाठ केली आणि त्या पक्षिणीसाठी डोळेही पुसले. पण त्याच कवीचे अभंग रविवारी देवळातल्या बाकांवर बसून टाळाच्या साथीने म्हटले जातात, हे मला पन्नाशी उलटल्यावर, एका बंद दुकानाच्या फळीवर बसून कळले. बाबा काम करता करता ते गुणगुणत. चाल अगदी आपल्या वारकरी भजनाची. माझी आजी ऐकती तर तिने नकळत मान डोलविली असती, आणि शब्द लक्षात येताच थांबविली असती.

शाळेतली एक गोष्ट त्यांनी एकदा सांगितली, तीही मी खोदून विचारले म्हणून. हेडमास्तर वडिलांना म्हणाले, की धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, म्हणजे मुलाला सवलती मिळतील; गावात पुष्कळांनी तसे केले आहे. हेडमास्तरांचे म्हणणे खोटे नव्हते. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश 1950 सालचा. त्यात प्रथम हिंदूंचाच समावेश होता. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा झाला. ख्रिस्ती मनुष्याची जात गावच्या पाणवठ्यावर सुटत नसे, सरकारी कागदावर मात्र सुटे. वडिलांनी हेडमास्तरांना सांगितले, "एक नाव रविवारी आणि दुसरं सोमवारी, असं कसं चालंल?" आणि रकाना होता तसाच ठेवला. बाबांचे शिक्षण नववीत संपले. मी विचारले, "वडिलांचा राग नाही आला कधी?" त्यांनी पिशवीची घडी नखाने नीट केली. "आला की. पण नाव एकच राहिलं, त्याचं बरं वाटतं."

पुढची हकीकत थोडी आहे. शिशाच्या खिळ्यांची जागा संगणकाने घेतली आणि छापखाना बंद झाला. मग रखवालदारी. मग पत्नीचा आजार. त्यात खोलीची पागडी गेली, आणि काही महिन्यांनी पत्नीही गेली. मूलबाळ नव्हते. नगरकडे पुतण्या होता, पण "त्याचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा" एवढे म्हणून ते थांबत.

मी सुशिक्षित मनुष्य असल्यामुळे या गोष्टीचा पुस्तकी अभ्यास करणे मला भाग होते. दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली शहरांना बजावले, हे मी वाचले. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्री देशभर फिरून घर नसलेली माणसे मोजली, ती सुमारे 17 लाख 70 हजार भरली, हेही वाचले. आणि ज्याला उपजीविकेचे दृश्य साधन नाही व जो सार्वजनिक जागी भटकतो त्याला 1959 सालच्या मुंबईच्या कायद्याने भिकाऱ्यांच्या व्याख्येत घातले, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा कागदी पिशव्यांचा गठ्ठा बाबा नेहमी समोर, रस्त्यावरून दिसेल असा का मांडतात, याचा उलगडा झाला. ते दृश्य साधन होते. रात्रनिवाऱ्यात का जात नाही, असे विचारता ते म्हणाले, "एक रात्र गेलो होतो. माणसं बरी होती. पण तिथं रात्रभर दिवा जळतो. प्रार्थनेला अंधार लागतो हो, सर."

प्रार्थनेचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी फार तर दोनतीनदाच ऐकला असेल. कोपऱ्यावरचा चहावाला दोन ग्लास आणून ठेवी. बाबा ग्लास हातात घेत, एक श्वास जाऊन येईल इतका वेळ डोळे मिटत आणि मग पीत. त्या श्वासभर वेळात मी काय करावे हे मला कित्येक दिवस समजेना. प्यावे तर उतावळेपणा दिसतो, थांबावे तर ढोंग होते. शेवटी मी रस्त्याकडे पाहत थांबू लागलो. घंटाघर तेथून जेमतेम दिसे, आणि मला दरवेळी 1890 सालचा तो प्रसिद्ध चहा आठवे. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या पुण्यातील बड्या मंडळींपुढे चहाबिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हात लावून ठेवली. आणि गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावे वृत्तपत्रात छापवून दिली. टिळक आणि रानडे या दोघांनाही एकाच कपाने अडचणीत आणले, असा चहा पुण्याने पुन्हा पाहिला नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. मी साखर नसलेला चहा पीत मनाशी हसे. तो काळ गेला, असे मला वाटे.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. पिशव्या ते सवयीने करीत, पण वळकटीतले पवित्र शास्त्र त्यांना वाचता येईनासे झाले होते. त्यांनी स्वतः कधी मागितले नाही. मीच एकदा म्हणालो, "मी वाचून दाखवू का?" लूकच्या शुभवर्तमानापासून आरंभ झाला, रोज एक अध्याय. मी इंग्रजी बायबल अनेकदा वाचले होते. मिल्टन शिकवावयाचा तर ते वाचावेच लागते. पण ते सारे साहित्य म्हणून. मराठीतून, मोठ्याने, रस्त्याच्या कडेला बसून, ज्याला ते खरे वाटते अशा मनुष्यासाठी वाचणे निराळे. टीपा देण्याची माझी खोड प्रथम उफाळून येई. ते ऐकून घेत आणि म्हणत, "बरं. पुढं?" आठव्या अध्यायापर्यंत माझ्या टीपा संपल्या.

एका सकाळी असेच वाचन चालले असता, माझे एक सहकारी समोरून येताना दिसले. टेकडीवरचेच ते; त्या दिवशी या बाजूस कशाला आले होते कोण जाणे. माझ्या हातून जे झाले ते लिहिताना आजही लेखणी अडते. मी पुस्तक मिटले. मिटून ते मांडीखाली सरकविले. उठून उभा राहिलो आणि पाटलोणीची धूळ झटकली.

"काय सर, इकडं कुठं?"

"फिरायला."

"हे कोण? ओळखीचे?"

"छे, छे. पत्ता विचारीत होते."

ते माझ्याबरोबर चालू लागले. विद्यापीठाचा विषय निघाला. शिवाजी रस्त्यापर्यंत आम्ही नव्या अभ्यासक्रमाची यथेच्छ निंदा केली. पुस्तक फळीवर राहिले होते आणि चहाचे पैसे द्यावयाचे राहिले होते, हे मला घरी आल्यावर आठवले.

दोन दिवस मी फिरावयास गेलो नाही. पाऊस पडत होता हे खरे, पण पावसाने मी पूर्वी अडलो नव्हतो. ग्रामण्य घालणारे शंकराचार्य आता माझ्यामागे नव्हते, नावे छापणारे गोपाळरावही नव्हते. एका सहकाऱ्याच्या भुवया वर जातील, एवढीच भीती, आणि त्या गेल्या असत्या असेही नाही. रानडे-टिळकांच्या कपाला तरी काही वजन होते.

तिसऱ्या दिवशी गेलो. बाबांनी पावलांवरून ओळखले. पुस्तक फडक्यात गुंडाळून ठेवले होते. खुणेचा दोरा जागच्या जागी होता. "बाविसावा राहिला," एवढेच ते म्हणाले.

मी वाचू लागलो. अर्धा अध्याय झाल्यावर पुढे काय येणार आहे ते माझ्या ध्यानात आले, आणि मग थांबण्याची सोय राहिली नाही. गुरूला पकडून नेले आहे. अंगणात विस्तव पेटला आहे. पेत्र त्या माणसांत शेकत बसला आहे. एक दासी त्याच्याकडे निरखून पाहते. तीनदा त्याला विचारले जाते, तीनदा तो नाही म्हणतो, आणि कोंबडा आरवतो. ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या क्षणी गुरूने वळून पेत्राकडे पाहिले, हे फक्त लूक सांगतो. वर्गात मी हा फरक कित्येकदा मोठ्या रसिकतेने समजावून दिला आहे. येथे त्या ओळीपाशी माझा आवाज बसला. बाबांची मोतीबिंदूने पांढुरकी झालेली नजर नेहमीसारखी समोर लागलेली होती. माझ्याकडे वळली नव्हती.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "बाबा, परवा ते गृहस्थ आले तेव्हा मी..."

"ऐकलं की. डोळे गेलेत, कान हायेत." पिशवीवर अंगठा फिरला. "वाचा पुढं. थांबायची जागा नव्हं ती. पेत्राचं पुढं लई काम हाय."

चहावाल्याने दोन ग्लास आणून ठेवले. परवाचे पैसे मी देऊ लागलो तेव्हा ते बाबांनी दिल्याचे कळले.

त्या दिवसानंतर डोळ्यांचे काही तरी करावे हे माझ्या मनाने घेतले. प्रायश्चित्ताचा हेतू त्यात नव्हता असे मी म्हणणार नाही. शहराबाहेरच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात शस्त्रक्रिया फुकट होत होती. फक्त ओळखपत्र हवे. बाबांजवळ ते नव्हते. जुनी शिधापत्रिका खोलीबरोबर गेली होती, आणि आधार काढावयाचे तर पत्ता लागतो. मग सुरू झाले आमचे हेलपाटे. नोंदणीच्या ठिकाणी एका चुणचुणीत मुलीने त्यांची दहाही बोटे काचेवर ठेवून घेतली. यंत्र म्हणे, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. तेवीस वर्षांच्या शिशाने आणि नंतरच्या कागदाने रेषा पार घासून टाकल्या होत्या. "डोळे घेऊ," मुलगी म्हणाली. बुबुळाची प्रतिमा मोतीबिंदूतून उमटेना. मोतीबिंदू काढावयाचा तर ओळख पाहिजे, आणि ओळख पटावयाची तर डोळा पाहिजे! अशा मनुष्यांची नोंद अपवाद म्हणून करण्याची सोय नियमांत आहे, हे त्या मुलीनेच पुस्तिका चाळून शोधून काढले. तिचे मी मनापासून आभार मानले. पत्त्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र चालते. माझा एक जुना विद्यार्थी त्या पदावर होता. त्याने सही करण्यासाठी पेन उघडले आणि विचारले, "सर, पत्ता काय लिहू?"

मी त्या रात्री घरी विषय काढला. बंद दुकानाची फळी पत्ता म्हणून चालत नाही, हे सांगितले. कुटुंबाने विचारले, "मग आपला लिहायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, हरकत नाही, पण उद्या काही भानगड झाली, चौकशी झाली... ती म्हणाली, "पत्ता दिला म्हणजे माणूस घरात आला असं थोडंच आहे!" तिने हे मला धीर देण्यासाठी म्हटले. पण वाक्य तोंडातून निघाल्यावर आम्ही दोघेही जरा गप्प झालो.

अर्जावर बाबांच्या नावाखाली 'द्वारा' असा शब्द छापलेला होता आणि त्यापुढे माझे नाव लिहिले गेले. इंग्रजीत त्या जागी 'केअर ऑफ' म्हणतात. म्हणजे त्या लोकांच्या पत्त्यात काळजी असते आणि आपल्या पत्त्यात दार. तीस वर्षे इंग्रजी शिकवून हा शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता.

नोंदणीच्या पावतीवर रुग्णालयाचे काम झाले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि सांगितले, की आठदहा दिवस धूळ, धूर, पाणी डोळ्याला लागता कामा नये. धूळ, धूर आणि पाणी यांखेरीज त्या फळीवर होते काय? रिक्षा आमच्या दारी आली. माझ्या अभ्यासिकेत खाट टाकली होती. ती कोणी टाकली, मी की कुटुंबाने, याविषयी आमच्यांत मतभेद आहे.

बाबा आमच्याकडे नऊ दिवस राहिले. थेंब घालण्याच्या वेळा कुटुंबाने कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या. पाचव्या दिवशी मी महाविद्यालयातून आलो, तो ते खिडकीपाशी बसून वाचीत होते. पवित्र शास्त्रच असणार, या कल्पनेने मी पाऊल न वाजविता आत गेलो. पण ते माझे पुस्तक होते, सहा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेला निबंधसंग्रह. हातात पेन्सिल होती आणि समासात मुद्रितशोधनाच्या खुणा होत्या. "अठ्ठेचाळीस पानांत सतरा सापडल्या," ते म्हणाले. चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद होता. "आता राक्षस नाहीत छापखान्यात, तरी चुका कशा राहतात, सर?" लूकचा शेवटचा अध्याय आम्हांला वाचावयाचा राहिला होता, तो त्यांनी रात्री स्वतः वाचला. मला बोलाविले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मला थोडे वाईट वाटले.

दहाव्या दिवशी पहाटे खाटेवरची चादर घडी करून ठेवलेली होती. पाठीमागचा दरवाजा नुसता ओढून घेतलेला. ते फळीवर परत गेले होते. मी जाऊन रागावलो. त्यांनी ऐकून घेतले. "तुमच्या वाचायच्या खोलीत मी झोपलो, तर तुम्ही लिहिणार कुठं? आणि तिथं पिशव्यांचं गिऱ्हाईक येत नाही." राहा, असे मी पुन्हा म्हणालो, पण किती आग्रहाने म्हणालो हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचे कान चांगले होते.

पुढे हिवाळ्यात त्या वाड्याला पत्रे लागले. पुनर्विकासाचा फलक उभा राहिला, आणि त्यावरील रंगीत चित्रात, दुकान होते त्या जागी, मोटारी आत जाण्याचा रस्ता दाखविला होता. फळी कामगारांनी उखडून नेली. चहावाल्याला विचारले. "गेले सकाळीच. वळकटी घेऊन. तुमच्यासाठी काही सांगितलं नाही, पण हे ठेवलंय," म्हणून त्याने एक कागदी पिशवी दिली. तीत माझा निबंधसंग्रह होता. बाबांनी तो शेवटपर्यंत तपासला होता. शेवटच्या पानाच्या खाली पेन्सिलीने एकूण आकडा लिहिला होता. तो मी येथे देत नाही.

रविवारी मी पंचहौदच्या देवळात गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. त्यांची जागा तेथेच, असे ते सांगत. लोक आले, टाळ वाजले, ती ओळखीची चाल निघाली. ते आले नाहीत. पुढच्या रविवारीही गेलो. दारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, की नगरला जातो असे म्हणत होते. पण जाणार होते की गेले, ते तिला सांगता येईना. पुतण्याच्या गावाचे नाव मी कधी विचारले नव्हते.

या गोष्टीला दोन महिने झाले असतील. गेल्या आठवड्यात दुपारी दाराची घंटा वाजली. पोस्टमन उभा होता. हातात एक लांबट पाकीट. त्यावर बाबांचे संपूर्ण नाव होते, त्यांच्या वडिलांनी रविवारसाठी आणि सोमवारसाठी एकच ठेवलेले, आणि त्याखाली द्वारा म्हणून माझे.

"या नावाचं कोण राहतं का इथं?" त्याने विचारले. "पूर्वी कधी टपाल आलं नाही यांचं."

"राहतात," मी म्हणालो. "सध्या बाहेर गेले आहेत."

"ओळखीचे आहेत ना? मग सही करा."

मी सही केली. पाकीट अभ्यासिकेत खाटेच्या उशाशी ठेवले आहे. खाट आम्ही अजून काढलेली नाही.